आई-बाबा येण्याआधी फरशी ओढून बघा

आई-बाबा सहा महिन्यांसाठी अमेरिकेत यायचे म्हटलं की विमा, औषधं, व्हीलचेअर सगळं ठरतं. फरशीकडे मात्र कुणी बघत नाही. सीडीसीच्या आकडेवारीनुसार या देशात 65च्या पुढच्या दर चार जणांत एकाहून जास्त माणसं वर्षातून एकदा तरी पडतात.

ती किती निसरडी आहे ते घरीच तपासता येतं. साहित्य घरातलंच: बॅगा तोलायचा हातकाटा (स्प्रिंगचा असला तर उत्तम), दहा पौंडी तांदळाची पिशवी, दोरी, आणि ते घरात घालणार त्याच सपाता नि मोजे. तुमच्या बुटांवरून त्यांच्या पायांचं काही कळणार नाही.

सपातांचा जोड दोरीने बांधून त्यावर तांदूळ ठेवा. काटा दोरीत अडकवून जमिनीला समांतर, सावकाश ओढा. सपाता सरकू लागताना दिसणारा आकडा टिपा. मग सपातांवर मोजे चढवून पुन्हा ओढा. लाकडी फ्लोअरवर आकडा कसा धाडकन खाली येतो ते बघाच. टाइलवर आधी कोरडं, मग पाणी शिंपडून. ढोबळ अंदाज म्हणून, पाच पौंडांच्या आसपास ताण लागला तर पकड ठीक. तीनच्या खाली गेला तर तिथे मोज्यांनी फिरणं बंद. ओल्या होणाऱ्या सपाट टाइलसाठी अमेरिकी मानक किमान 0.42 घर्षणांक मागतं, पण ते ठरावीक रबर नि साबणपाणी वापरून यंत्राने मोजलेलं असतं. आपला काटा घरातली कुठली जागा जास्त निसरडी एवढंच सांगतो, आणि तेवढं पुरतं.

स्वयंपाकघरात शेगडीसमोर हमखास कमी ताण लागतो. बऱ्याच घरांत वरचा मायक्रोवेव्ह फोडणीचा धूर बाहेर न टाकता खोलीतच परत सोडतो, आणि तेल खाली बसतं. गरम पाणी नि भांड्यांच्या साबणाने पुसा, साध्या पाण्याने पुन्हा पुसा, वाळू द्या, परत ओढा. आकडा चढला तर दोष तेलाचा होता, लादीचा नव्हे.

टबमध्ये ही चाचणी उभं राहून करू नका. काठावर बसून, साबण लावलेला पायाचा ओला तळवा टबाच्या तळाशी घासा. सरकला तर रबरी मॅट हवीच, आणि ती ओल्या टबला चिकटवून, ओढून पाहायची. दिवाळीत अभ्यंगाचं तेल लावून कुणाला टबात पाठवू नका. तेल पुसून मगच. टबाबाहेर बहुतेक घरांत पाणी जायला मोरीच नसते, त्यामुळे बादलीच्या सवयीने सांडलेलं पाणी तिथेच थांबतं. आधाराला टॉवेलचा दांडा चालत नाही. भिंतीतल्या लाकडी खांबाला स्क्रूने बसवलेला ग्रॅब बार लागतो. भाड्याच्या घरात त्यासाठी मालकाला आधी विचारा.

उरली पायपुसणी. अंगठ्याने ढकलून सरकतील ती उचला किंवा खाली जाळीचं रबर घाला. हिवाळ्यात दारातलं बर्फाचं पाणी दिवसातून अनेकदा पुसावं लागतं, म्हणून फडकं दाराशीच टांगा.