खोकला थांबला, तरी गोळ्या कशाला?



मंडळ्यांना भेटी देताना देणगीदार बंधुभगिनी मला एक प्रश्न हमखास विचारतात, आणि धारूर-वडवणीकडच्या वस्त्यांवरही तोच येतो. क्षयाचा रोगी दोन महिन्यांत धडधाकट दिसू लागतो, मग सहा महिने गोळ्या कशाला? बीड जिल्ह्यात हा प्रश्न नुसता माहितीपुरता नाही. दसरा-दिवाळीनंतर इथली जोडपी ऊसतोडीला निघतात ती पाडव्याच्या सुमारास परततात. औषधाचे सहा महिने आणि कोयत्याचे महिने एकमेकांवर पडतात. खोकला थांबलेला असतो, मुकादमाची उचल घेतलेली असते, आणि गोळ्यांची पाकिटे घरच्या फळीवरच राहून जातात.

आधी शरीर काय करते ते पाहू. श्वासाबरोबर आपण रोज कितीतरी जंतू आत घेतो. नाकातले केस, शेंबूड आणि खोकला बहुतेकांना बाहेर घालवतात. जे फुफ्फुसात उतरतात त्यांना तिथल्या भक्षक पेशी गिळून पचवतात. काम हाताबाहेर जाऊ लागले की रक्तातून आणखी पांढऱ्या पेशी येतात, ती जागा सुजते, ताप चढतो. म्हणजे ताप ही बहुधा शरीर झगडत असल्याची खूण असते.

क्षयाचा जंतू मात्र हट्टी. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली तो शोधून दाखवला. त्याचे कवच मेणचट असते. भक्षक पेशी त्याला गिळते, पण पचवू शकत नाही. तो तिच्याच पोटात बिऱ्हाड करतो. मग शरीर दुसरा मार्ग धरते. त्या जागेभोवती ते पेशींचा कोट बांधते, आपल्याकडच्या जुन्या गढीसारखा. जंतू आत कोंडला जातो. मरत नाही, झोपून राहतो. संसर्ग झालेल्या शंभरांपैकी नव्वद जणांना तरी जन्मभर हा आजार होत नाही, तो या कोटामुळे. उपासमार, मधुमेह, एचआयव्ही, दारू, तंबाखू यांनी कोट ढासळला की झोपलेला जंतू उठतो.

इथे औषध शरीराच्या मदतीला येते. पहिले दोन महिने चार औषधे असतात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्ब्युटॉल. पुढचे चार महिने त्यांतली पायराझिनामाइड सोडून तीन. भराभर वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांतच मरतात, म्हणून खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढते. पण झोपलेले जंतू औषधाला सहज सापडत नाहीत. वस्तीवरच्या बायकांना मी हरळीचे उदाहरण देते. वरची पाती खुरपली की रान स्वच्छ दिसते. मुळी राहिली तर पहिल्या पावसात काय होते ते त्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

एकच जालीम औषध का देत नाहीत, असेही लोक विचारतात. रोग्याच्या छातीत कोट्यवधी जंतू असतात आणि त्यांत एखाद्या औषधाला न जुमानणारे काही आधीपासूनच असतात. १९४०च्या दशकात स्ट्रेप्टोमायसीन आले तेव्हा ते एकटेच दिले गेले. रोगी आधी सुधारले, पण पुढे अनेकांचा रोग उलटला, कारण न जुमानणारे तेवढे उरले आणि वाढले. गोळ्या मध्येच सोडल्या, किंवा मनाने कधी घेतल्या कधी नाही, तर आजही तोच धोका असतो. मग तो हट्टी जंतू फडावरच्या एका कोपीत झोपणाऱ्या लेकरांनाही लागतो.

रिफाम्पिसिनने लघवी तांबूस होते. "सिस्टर, लघवीतून रक्त चाललंय," असा घाबरा फोन मला येतच असतो. ते रक्त नसते, औषधाचा रंग असतो. हे पहिल्याच दिवशी सांगितले नाही तर माणूस गोळ्या बंद करतो. डोळे पिवळे दिसले, सारखी उलटी झाली किंवा नजर धूसर झाली तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवावे. आणि सर्दी-पडशाला सलाईनची बाटली लावून घेण्याची आपल्याकडची हौस, तिच्याविषयी न बोललेलेच बरे.

जुन्या वाचकांना मिरजेजवळचे वानलेसवाडीचे सॅनिटोरियम आठवत असेल. तेव्हा क्षयरोगी महिनोन्महिने घरापासून दूर राहत. मद्रासच्या संशोधकांनी १९५९मध्ये दाखवून दिले की गरीब घरात राहूनही औषध नीट घेतले तर रोगी तितकाच बरा होतो. अन्नाचे मोल त्याहून अलीकडे मोजले गेले. झारखंडमध्ये रोग्यांच्या घरच्यांना जादा शिधा दिला, तेव्हा त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. तुम्ही पाठवता त्या डाळ-शेंगदाण्यांकडे मी या नजरेने पाहते. सरकारकडूनही उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी मदत मिळते, नोव्हेंबर २०२४पासून महिन्याला १००० रुपये.

औषध देशातल्या कुठल्याही सरकारी केंद्रात फुकट मिळते आणि रोग्याची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात हलवता येते. म्हणून टोळी निघण्यापूर्वी आम्ही कारखान्याचे गाव विचारून घेतो. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव भागातल्या वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या गावाजवळ कोप्या पडल्या की एकदा चक्कर मारा. कुणी दोन आठवड्यांहून अधिक खोकत असेल तर त्याला बेडका तपासायला सरकारी दवाखान्यात न्या, आणि गोळ्या चालू असलेला कुणी भेटला तर पुढचे पाकीट कुठून आणणार, एवढे विचारा.