हवेवर बसलेली गाडी आणि तिचं माप

बैलगाडीत बसणाऱ्याला रस्त्यातला खड्डा दाखवावा लागत नाही. तो त्याच्या पाठीलाच कळतो. कारण गाडीचा साटा सरळ आसावर टेकलेला असतो. मधे मऊ असं काही नसतं.

मोटारीत चाकांचा आस आणि वरचा सांगाडा यांच्या मधे कमानपाटे घातले. धक्का कमी झाला. पण कमानपाट्यांची एक खोड आहे. ओझं वाढलं की ते दबतात आणि गाडी खाली बसते. गाडी रिकामी असली की ते ताठ राहतात आणि गाडी उडते.

यावर उपाय निघाला तो हवेचा. कमानपाट्यांच्या जागी जाड रबराचे फुगे बसवले. कारागीर त्यांना बेलो म्हणतात. अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीनं १९५३ साली असे फुगे लावलेल्या लांब पल्ल्याच्या बसगाड्या काढल्या. पुढे १९९२ साली इंग्लंडातल्या रेंज रोव्हर मोटारीला विजेच्या पेटीच्या हुकमानं चालणारे हवेचे फुगे आले. आपल्याकडे मुंबई-पुणे रस्त्यावर एस.टी.च्या शिवनेरी गाड्या धावतात. त्याही हवेवरच बसलेल्या असतात.

आता प्रश्न असा, की फुग्यात हवा किती भरायची हे कोण ठरवतं?

उंची सांगणारी डबी

चाकाजवळ, वरच्या सांगाड्याला एक लहानशी डबी बसवलेली असते. तिला सेन्सर म्हणतात. डबीला एक आडवा हात असतो. हाताच्या टोकाला एक काडी जोडलेली असते. काडीचं खालचं टोक आसाला, नाहीतर चाक धरणाऱ्या दांड्याला जोडलेलं असतं.

समजा, गाडीत दहा माणसं चढली. सांगाडा खाली आला. काडी आपल्या जागीच राहिली, म्हणून डबीचा हात वर फिरला. हात फिरला तसा डबीतून येणाऱ्या विजेचा आकडा बदलला. हा आकडा तारेनं एका पेटीकडे जातो. पेटीत छोटा संगणक असतो. तो ओळखतो की गाडी खाली बसली. मग तो हवेची झडप उघडतो. फुग्यात हवा शिरते, गाडी वर येते, हात पुन्हा आपल्या जागी येतो आणि झडप बंद होते. माणसं उतरली की याच्या उलट घडतं. गाडी वर उचलली जाते, आणि पेटी फुग्यातली जास्तीची हवा सोडून देते.

पुष्कळ बसगाड्यांना अशी पेटी नसते. तिथं तो हात झडपेलाच जोडलेला असतो. हात वर फिरला की हवा आत, खाली फिरला की हवा बाहेर. काम तेच, फक्त मधला संगणक नाही.

माप जुळवणं म्हणजे काय?

पेटीला डोळे नाहीत. तिला गाडी दिसत नाही. तिला फक्त विजेचा आकडा कळतो. अमुक आकडा म्हणजे अमुक उंची, हे तिला माणसानंच एकदा शिकवावं लागतं. या शिकवण्याला कारागीर कॅलिब्रेशन म्हणतात. आपण त्याला माप जुळवणं म्हणू.

बाजारात तराजूचा पासंग पाहतात ना, तसंच हे आहे. शहाणी बाई धान्य घेण्याआधी दोन्ही पारडी रिकामी ठेवून काटा मधे आहे का ते पाहते. काटाच कलता असेल, तर वजनं खरी असूनही माल कमी येतो. गाडीचंही तसंच आहे. डबी चांगली, फुगा चांगला, पण माप चुकीचं जुळवलेलं, तर गाडी वाकडीच उभी राहणार. आणि पेटी म्हणणार, सगळं ठीक आहे!

डबी नवी बसवली, काडी काढून घातली, पेटी बदलली किंवा आसाजवळचे भाग उकलले, की माप पुन्हा जुळवावं लागतं.

पण एक ध्यानात घ्यावं. गाडी रात्री सरळ उभी केली आणि सकाळी एका अंगाला बसलेली दिसली, तर आधी हवेची गळती शोधावी. फुग्यावर आणि नळीच्या सांध्यावर साबणाचं पाणी लावावं. बुडबुडे आले की गळती सापडली. डबीचा हात वाकला आहे का, काडी निखळली आहे का, हेही पाहावं. गळक्या घागरीला माप लावून उपयोग नाही.

काम कसं करावं?

१. गाडी सपाट फरशीवर उभी करावी. जमीन उतरती असेल तर माप खोटं येतं.

२. चारही चाकांत ठरलेली हवा भरावी. गाडीत माणूस किंवा सामान ठेवू नये. दारं लावून घ्यावीत.

३. टेप घेऊन चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजावं. जमिनीपासून का मोजू नये? कारण टायर झिजलं असेल किंवा त्यात हवा कमी असेल, तर तो फरकही आपल्या मापात शिरेल. चाकाच्या मध्यापासून मोजलं की टायरचा दोष मधे येत नाही.

४. चारही चाकांची मापं कागदावर लिहावीत. डोक्यात ठेवू नयेत.

५. तपासणीचं यंत्र गाडीला जोडून मोजलेली मापं पेटीला द्यावीत.

एक उदाहरण पाहू. समजा, गाडीच्या पुस्तकात मागच्या चाकाचं माप ४५० मिलिमीटर दिलं आहे. पेटीही म्हणते ४५०. पण टेप दाखवतो ४३०. मग खरं कोण? टेप खरा. ४५० मधून ४३० वजा केले, राहिले २०. गाडी तिथं २० मिलिमीटर खाली आहे. आपण पेटीला ४३० हा आकडा द्यायचा. म्हणजे तिला कळतं की आपण ज्याला ४५० समजत होतो ते खरं ४३० आहे. मग ती हवा भरून गाडी २० मिलिमीटर वर घेते.

६. शेवटी चारही चाकं पुन्हा मोजावीत. एक कोपरा उचलला की बाकीचे कोपरेही थोडे हलतात. म्हणून एकदा मोजून भागत नाही.

सगळ्या गाड्यांची रीत एकच नसते. १९९४ साली निघालेल्या रेंज रोव्हरच्या चारही चाकांशी एकेक डबी आहे. तिथं ठरावीक लांबीचे ठोकळे आस आणि सांगाडा यांच्या मधे ठेवतात, गाडी त्यांवर उतरवतात आणि ती उंची पेटीला शिकवतात. ज्या बसला पेटी नाही, तिथं काडीचीच लांबी कमीजास्त करून झडप जुळवतात. म्हणून गाडीचं पुस्तक आधी वाचावं. वाचायला शिकल्याचा हा एक रोकडा फायदा आहे.

माप चुकलं तर?

गाडी कलली की टायर एकाच कडेला झिजू शकतं. तो झाला पैशाचा तोटा. पण याहून मोठा धोका आहे. काही मोटारींचे पुढचे दिवे याच डब्यांचे आकडे पाहून आपोआप वरखाली होतात. गाडीची मागची बाजू खाली बसली आहे आणि पेटीला ती सरळ वाटते आहे, असं झालं तर दिव्यांचा झोत वर जातो. घाटात रात्री समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. त्याला वळण दिसत नाही. म्हणून माप जुळवल्यावर दिवेही तपासून घ्यावेत.

काही हौशी लोक गाडी उंच किंवा बुटकी दिसावी म्हणून मूळ काडी काढून लांब-आखूड काडी घालतात. पेटी फसते. पण रस्ता फसत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हवेच्या भरवशावर कधीही गाडीखाली जाऊ नये. कुणी किल्ली फिरवली, यंत्रावरचं बटण दाबलं, नळी सुटली, की गाडी खाली येते. खाली असलेल्या माणसाला बाहेर निघायला वेळ मिळत नाही. गाडी उचलण्याआधी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे हवेचं काम बंद करावं. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत. सांगाड्याखाली मजबूत लोखंडी स्टँड ठेवावेत. किल्ली आपल्या खिशात ठेवावी. नुसत्या जॅकवरही विसंबू नये. तुमच्या घरचा मुलगा गॅरेजमध्ये काम शिकत असेल, तर एवढा भाग त्याला आज रात्रीच वाचून दाखवा.

सांगा पाहू

१. गाडीत माणसं चढल्यावर डबीचा हात कोणीकडे फिरतो?

२. उंची जमिनीपासून न मोजता चाकाच्या मध्यापासून का मोजतात?

३. पुस्तकातलं माप ४६० आणि टेपचं माप ४७५ आलं. गाडी वर आहे की खाली? किती मिलिमीटर?

४. रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी कललेली दिसली. आधी काय तपासाल?

५. गाडीखाली जाण्याआधी कोणत्या चार गोष्टी कराल? वहीत लिहा.