प्रेशर नॉर्मल, तरी काचबिंदू

माझ्या डोळ्यांचं प्रेशर कधीच वाढलं नव्हतं. चष्म्याचा नंबर बदलायला गेलो की यंत्रातून डोळ्यावर हवेची फुंकर बसायची, १५-१६ आकडा यायचा आणि कागदावर ‘नॉर्मल’ लिहून मिळायचं. साधारण १० ते २१ चालतं म्हणतात, मग चिंता कसली? पन्नाशी उलटल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी बाहुली मोठी करणारे ड्रॉप घालून आत पाहिलं आणि विचारलं, “काका, घरात कुणाला काचबिंदू होता का?”

आईला असावा, असं आता वाटतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही ती भिंत चाचपत चालायची. “वय झालंय आता,” एवढंच सगळे म्हणायचे.

माझ्या उजव्या डोळ्याला वरचा बराचसा भाग दिसेनासा झाला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. एका डोळ्याला न दिसणारं दुसरा भरून काढतो, उरलेलं मेंदू जुळवून घेतो. काळा डाग वगैरे काही दिसत नाही. मग कॉर्नियाची, म्हणजे डोळ्यापुढच्या पारदर्शक पडद्याची, जाडी मोजली. साधारणपणे ती ५४० मायक्रॉनच्या आसपास असते, माझी ४९० निघाली. कॉर्निया पातळ असला की यंत्र प्रेशर खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. शिवाय काहींची नसच अशी नाजूक असते की नॉर्मल प्रेशरही तिला सोसत नाही. डोळ्यातून नस मेंदूकडे निघते तिथे मधोमध एक खळगा असतो. काचबिंदूत तो रुंद आणि खोल होत जातो, आणि हे आत डोकावून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून चाळिशीनंतर डोळे तपासायला गेलात तर प्रेशरचा आकडा ऐकून उठू नका. “नस पाहिलीत का? कशी आहे?” हे विचारा. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

नजरेचा घेर तपासणाऱ्या फील्ड टेस्टचं मात्र कुणी नीट सांगत नाही. एक डोळा झाकतात, हनुवटी टेकवून पांढऱ्या घुमटात मधल्या दिव्याकडे बघत बसायचं आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. पहिल्या वेळी मला घाम फुटला. बराच वेळ काही दिसेना, वाटलं सगळंच गेलं. शेवटी घाबरून, दिसो न दिसो, बटण दाबत सुटलो. तो रिपोर्ट अर्थातच कुचकामी ठरला. खरी गोष्ट अशी की यंत्र मुद्दाम ठिपके अंधूक करत नेतं, तुमच्या नजरेची हद्द शोधायला. निम्मेअर्धे ठिपके चांगल्या डोळ्यालाही दिसत नाहीत. तेव्हा नापास व्हायची भीती नको. पापण्यांची उघडझाप करायला परवानगी असते, दमलात तर थांबवायला सांगा, रात्रीची झोप झालेली असू द्या. पहिली टेस्ट बहुतेकांची बिघडतेच, म्हणून सुरुवातीला दोन-तीनदा करून पाया पक्का करतात. पुढचे सगळे रिपोर्ट त्या पायाशी ताडून बघायचे असतात. डॉक्टर बदला, गाव बदला, पण फाइल सोडू नका. जुने कागद हरवले तर आजार वाढतोय की थांबलाय, हे नव्या डॉक्टरांनी कशावरून सांगावं?

प्रेशर नॉर्मल असताना ते उतरवायचं कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात अशा रुग्णांचं प्रेशर तीस टक्क्यांनी उतरवल्यावर नुकसानाचा वेग मंदावलेला दिसला. माझ्यासाठी १६ वरून ११ च्या आसपास असं ठरलं. गेलेली नजर परत येत नाही, जी आहे ती राखायची. गोची अशी की ड्रॉप घालून काहीच बरं वाटत नाही. उलट डोळे लाल होतात, पापण्यांचे केस वाढतात, कडा काळवंडतात. ‘काही फरक नाही’ म्हणून लोक इथेच औषध सोडतात. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, औषध बदलून मिळतं, काहींना लेसरही चालतं.

एका वेळी एकच थेंब पुरे, डोळ्यात त्याहून जास्त मावतही नाही. घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोनेक मिनिटं दाबून धरा, म्हणजे औषध घशात आणि रक्तात कमी उतरतं. दोन औषधं असतील तर मध्ये पाचेक मिनिटं जाऊ द्या. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावरच लिहा. दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर ते आधी सांगा. काचबिंदूवरच्या टिमोलॉल या औषधाच्या थेंबाने श्वास अडकू शकतो. शेजाऱ्याची बाटली उसनी आणणाऱ्यांनी हे खास ऐकावं.

बीपीची गोळी रात्री घेत असाल तर तेही डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. झोपेत रक्तदाब फार उतरला तर नसेला रक्त कमी पडतं. पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या. डोळे खाजतात म्हणून दुकानातून स्टेरॉइडचे ड्रॉप आणून महिनोन्‌महिने घालत राहणं तर कुणीच करू नये, त्यानेही प्रेशर चढतं. माझं शीर्षासनही बंद झालं. उलटं झाल्यावर डोळ्यातलं प्रेशर जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. योगवर्गातल्या सरांना हे पटलेलं नाही. असो.

आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांत काचबिंदू असेल तर आपला धोका कितीतरी वाढतो. म्हणून धाकट्या भावाच्या मागे लागलो. “मला कावळासुद्धा लांबून दिसतो,” असं म्हणत त्याने वर्ष काढलं. शेवटी वहिनीने नेलं. प्रेशर २३ निघालं आणि घरात रडारड झाली. पण त्याचा कॉर्निया जाड, त्यामुळे आकडा चढलेला दिसत होता. नस चांगली, फील्ड स्वच्छ. त्याला ड्रॉप दिले नाहीत, दरवर्षी येऊन दाखवून जायला सांगितलंय. आता तारीख वहिनीच लक्षात ठेवते.