संघ बदलला, संधी मिळेना

प्रश्न : मुलगा १७ वर्षांचा, फलंदाज. मोठ्या क्लबाने त्याला घेतलं, पण तिथे तो राखीवच बसतो. त्याच्यात दम नाही असं समजायचं का?
– एक पालक, अकोला

उत्तर : मुळीच नाही. अमरावतीच्या जितेश शर्माला मुंबई इंडियन्सने २०१६ मध्ये घेतलं, पण आयपीएलचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. २०२२ मध्ये पंजाबने २० लाखांत घेतलं, तेव्हा कुठे तो मैदानात उतरला. पुढे बंगळुरूने ११ कोटी मोजले आणि मे २०२५ मध्ये लखनऊविरुद्ध त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ कुटल्या. तुमच्याच अकोल्याच्या अथर्व तायडेलाही पंजाबने २०२२ मध्ये घेतलं. खेळायला २०२३ उजाडलं.

म्हणून बाकावरचे महिने मोजू नका. नेटमागे उभं राहून बघा. फिरकीला पुढे जायचं की मागे, हे तो किती लवकर ठरवतो? चकल्यावर पुढचा चेंडू शांतपणे खेळतो, की चिडून बॅट फिरवतो? या वयात मला हे धावांपेक्षा जास्त सांगून जातं. प्रशिक्षकांना मात्र स्पष्ट विचारा, ‘याला कितव्या क्रमांकावर खेळवणार?’ धड उत्तर मिळालं नाही, तर पुढच्या मोसमात रोज खेळवणारा लहान क्लब बघा.