लोकशाहीची सवय कुठे लागते? निपाणी आणि ट्युनिशिया

मागच्या सेमिस्टरला सेमिनारमध्ये सरांनी प्रश्न विचारला, "अरब देशांत लोकशाही रुजेल का?" मी लगेच हात वर केला. "अवघड आहे सर. तिथल्या लोकांना सवयच नाही." सर एवढंच म्हणाले, "मग आपल्याला कुठे लागली?" मला उत्तर देता आलं नाही. ते शोधताना मी माझ्याच गावात, निपाणीत येऊन पोचले.

मित्रांनो, आधी एक संज्ञा समजून घेऊ. 'सिव्हिल सोसायटी'ला मराठीत 'नागरी समाज' म्हणतात. घर आणि सरकार यांच्या मधली ही जागा. युनियन, वाचनालय, महिला मंडळ, वकिलांची संघटना, आपल्या चर्चमधली पॅरिश कौन्सिल, सगळं यात येतं. माणसं इथे आपण होऊन एकत्र येतात, वाद घालतात, हिशेब मागतात. कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे, हे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात मान्य केलं होतं.

आता निपाणी. हा विडीच्या तंबाखूचा मुलूख. पीक शेतकऱ्याचं, पण भाव व्यापारी ठरवणार. वखारीत बायका तंबाखू कुटायच्या, चाळायच्या. धुरळा नाकातोंडात जायचा. प्रा. सुभाष जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बायकांची युनियन बांधली. अनिल अवचटांनी त्यांच्यावर लिहिलं, छाया दातार यांनी त्यांच्या संघटनेचा अभ्यास केला. पाठोपाठ शेतकरीही उठले. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली १४ मार्च १९८१ पासून हजारो तंबाखू उत्पादक पुणे–बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. तेव्हाच्या चिकोडी तालुक्यात मराठी बोलणारे शेतकरी होते तसे कन्नड बोलणारेही होते. तंबाखूचा भाव काही भाषा बघून पडत नव्हता. तीन आठवड्यांहून जास्त दिवस रस्ता अडून राहिला. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला. बारा शेतकरी गेले.

इथे जरा थांबूया. १९८१ साली आपल्याकडे मतदान होत होतं, निवडून आलेलं सरकार होतं, कोर्ट होतं, वर्तमानपत्रं होती. तरीही भाव मागणाऱ्यांवर गोळी चालली. म्हणजे मतपेटी असली की लोकशाही आली, हे माझं गणित घरच्या गावातच चुकलं.

आमच्या गल्लीत एक आजी आहेत, तरुणपणी वखारीत कामाला होत्या. त्यांना मी विचारलं, "आजी, युनियनमुळे काय बदललं?" मला वाटलं, मजुरीचं सांगतील. त्या म्हणाल्या, "मत कुणाला द्यायचं ते घरातली माणसं सांगायची. मीटिंगला मात्र मला नाव घेऊन विचारायचे, तुझं काय म्हणणं हाय? पहिल्यांदा तर तोंडातनं शब्दच फुटंना बघ." ज्या सवयीबद्दल सरांनी विचारलं होतं, ती आजींना वखारीच्या मीटिंगमध्ये लागली होती.

हेच ट्युनिशियात दिसतं. १७ डिसेंबर २०१० ला सिदी बूझिद या गावात मोहम्मद बुअझिझी या भाजी-फळं विकणाऱ्या तरुणाने सरकारी छळाला कंटाळून स्वतःला पेटवून घेतलं. महिन्याभरात राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले. इजिप्तमध्येही फेब्रुवारी २०११ मध्ये मुबारक गेले, निवडणूक झाली. पण जुलै २०१३ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. त्याच वर्षी ट्युनिशियात दोन विरोधी नेत्यांचे खून झाले, सगळं ठप्प झालं. तेव्हा चार संस्था पुढे आल्या: कामगार महासंघ, मालकांची संघटना, मानवी हक्क लीग आणि वकिलांची संघटना. एरवी कामगार आणि मालक समोरासमोर भांडणारे, पण त्यांनी राजकीय पक्षांना एका टेबलावर बसवलं. जानेवारी २०१४ मध्ये नवी राज्यघटना मंजूर झाली, २०१५ चा शांततेचा नोबेल या चौघांना मिळाला. यातला कामगार महासंघ १९४६ चा, म्हणजे देशाच्या स्वातंत्र्याहून दहा वर्षांनी जुना. दोन्ही देशांतल्या फरकाची कारणं बरीच आहेत. इजिप्तचं लष्कर कितीतरी ताकदवान होतं. पण वेळ आली तेव्हा मध्ये पडायला ट्युनिशियात एक जुनी, गावोगाव शाखा असलेली संघटना उभी होती, हे मोठं कारण आहे.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद स्थगित केली, पुढच्या वर्षी नवी घटना आणली. म्हणजे संस्था असल्या तरी हमी नाही. सवय लागते तशी सुटतेही.

म्हणून 'अरब देशांत लोकशाही रुजेल का' हा प्रश्न मला आता धर्माचा किंवा संस्कृतीचा वाटत नाही. तिथल्या माणसांना युनियन काढू देतात का, सभा घेऊ देतात का, हिशेब विचारणाऱ्याला तुरुंगात टाकतात का, असं विचारायला हवं. आणि हेच प्रश्न सीमाभागात आपल्यालाही लागू आहेत. १९५६ पासून आपण भाषेच्या प्रश्नावर संघटना बांधल्या, त्यांनी आपल्याला आवाज दिला. पण शेजारच्या कन्नड शेतकऱ्यासोबत एका रस्त्यावर बसायची निपाणीची सवय आपण किती जपली?

शेवटी घरचंच सांगते. आपल्या मंडळाची कार्यकारिणी गेली तीन वर्षं 'एकमताने' ठरते. मागच्या वेळी एका ज्युनिअर मुलीला उभं राहायचं होतं. "कशाला उगीच वाद," म्हणून मीच तिला गप्प बसवलं आणि सेक्रेटरी झाले. त्यानंतर महिन्याभरातच अरबांना लोकशाहीची सवय नाही, असं मी सेमिनारमध्ये सांगत होते!

येत्या निवडीला प्रत्येक पदाला दोन नावं येऊ देत. हरणाऱ्यांत माझं असलं तरी चालेल.