मधलं नाव

त्या पतसंस्थेत माझं खातंसुद्धा नाही. तरी मंगळवारी जिल्ह्याच्या पानावर, अपहाराच्या बातमीत, फोटो माझा होता. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातला, पाहुण्यांशेजारी उभा असलेला. अटक झालेल्याचं नाव-आडनाव माझंच; गाव वेगळं, तालुका वेगळा, वय माझ्याहून पंधरा वर्षांनी कमी.

सकाळी दूध आणायला गेलो. दुकानात चौघं पेपरवर वाकले होते. मी पायरी चढलो तशी दुकानदाराने पेपरची घडी घातली आणि वहीखाली सरकवली. रोज "सर, बसा" म्हणणारा माणूस पिशवी हातात देऊन दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. बातमी मी नंतर वाचली. काहीतरी भयंकर झालंय हे त्या घडीनेच सांगितलं.

पेपरच्या कार्यालयात जो भेटला तो म्हणाला, "नाव तर बरोबरच छापलंय ना, सर?" मी आधार कार्ड पुढे ठेवलं, वडिलांच्या नावावर बोट ठेवलं. जागेअभावी मधलं नाव घेत नाही, म्हणाला. खुलासा अकराव्या दिवशी आला. सातव्या पानावर तीन ओळी, 'नामसाधर्म्यामुळे' एवढं कारण, दिलगिरीचा शब्द नाही. लोकांनी पाहिला होता चेहरा. तीन ओळी वाचतो कोण?

आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये लावतात ते शोभेला नाही. २०१४ च्या लोकसभेला रायगडमधून सुनील तटकरे २,११० मतांनी पडले. त्याच निवडणुकीत सुनील श्याम तटकरे नावाचे अपक्ष उभे होते, त्यांना ९,८४९ मतं पडली. अशा नावांनी मतदारांचा गोंधळ होऊ नये म्हणून निवडणूक आयोगाने १ मे २०१५ पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो आणला. तो फोटो उमेदवार स्वतः देतो. माझा छापताना मला कोणी विचारलं?

तुमच्यावर ही वेळ आली तर नातेवाइकांना फोन करत बसू नका. मी अख्खी सकाळ त्यात घालवली, आणि दुपारी ई-पेपरमधला फोटो बदलला गेला. ते पान आधी उतरवून घ्या. छापील अंक पूर्ण ठेवा, कात्रण नको. तारीख आणि पान क्रमांक त्यावरच असतो. संपादकाला लेखी पत्र द्या, पोच घ्या. प्रेस कौन्सिलकडे जायचं तर आधी संपादकाला लिहावं लागतं, आणि दैनिकाविरुद्धची तक्रार प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत करावी लागते. कौन्सिल दंड करू शकत नाही, फक्त ठपका ठेवते. तरीही करा. बातमी वेबसाइटवर असेल तर त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२१ च्या आयटी नियमांत निर्णयासाठी पंधरा दिवसांची मुदत दिली आहे. वकिलाचा सल्ला घ्या, धीर सोडू नका.

मला खरा उपयोग झाला तो एफआयआरचा. पोलिसांच्या संकेतस्थळावर ती मिळाली. आरोपीचं पूर्ण नाव, वय, पत्ता, सगळं त्यात होतं. ती प्रत शाळेच्या संस्थाचालकांसमोर ठेवली तेव्हाच त्यांची चौकशीची भाषा थांबली. सव्वीस वर्षांच्या नोकरीने ती थांबली नव्हती, हे मी विसरणार नाही.

परवा त्याच पेपरचा मुलगा शाळेत बातमीसाठी आला. मी कागदावर तिन्ही नावं लिहून दिली, त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतली. बातमी छापून आली. मधलं नाव नव्हतं.