जुन्या डिझेल गाडीचा खरा इंधनखर्च : मोजणी, कारणे आणि निर्णय

पूर्व विदर्भातील भातपट्टा राज्याच्या सीमेवर संपत नाही. नागपूर-भंडाऱ्याहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ पुढे राजनांदगाव, दुर्ग, भिलाई असा रायपूरकडे जातो. दुर्ग-भिलाईच्या कडेला असलेल्या बोरसीच्या परिसरातही भात हेच मुख्य पीक असून जिल्ह्याचा धमधा भाग टोमॅटोसाठी ओळखला जातो. सीमेच्या दोन्ही बाजूंना बियाणे, भाजीपाला, पंपाचे सुटे भाग आणि माणसे यांची ने-आण करण्यासाठी जुनी डिझेल जीप किंवा मोटार अनेक शेतकरी कुटुंबांच्या उपयोगी पडते. अशी गाडी ‘आता ॲव्हरेज देत नाही’ एवढ्याच कारणावरून विकून कर्जाने नवी घेण्याचा निर्णय पुष्कळदा होतो. हा निर्णय अंदाजावर नव्हे, मोजणीवर आधारलेला असावा.

प्रमाणित आकडा आणि रस्त्यावरील आकडा

नव्या गाडीसोबत मिळणारा इंधनक्षमतेचा आकडा प्रयोगशाळेतील असतो. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया अशा चाचण्या करते. गाडी रोलरवर सुमारे २० मिनिटे ठरावीक वेगचक्रात चालवली जाते. कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो आणि वातानुकूलन बंद असते. गाड्यांची आपापसांत तुलना करण्यास हा आकडा उपयुक्त आहे. परंतु चार पोती, पाच माणसे, मे महिन्याचे ऊन आणि शिवारातील कच्चा रस्ता त्यात धरलेला नसतो. म्हणून जुन्या गाडीची तुलना तिच्या कागदावरील आकड्याशी न करता तिच्याच मागील नोंदींशी करावी.

मोजणीची पद्धत

टाकी पूर्ण भरून किलोमीटर काट्याची नोंद करावी. त्यानंतर प्रत्येक वेळी शक्यतो त्याच पंपावर टाकी पूर्ण भरून लिटर लिहून ठेवावेत. डिझेलला फेस येत असल्याने नोझल आपोआप बंद होताच टाकी भरली असे समजू नये. फेस बसू देऊन दर वेळी सारख्याच पातळीपर्यंत भरावे. एका टाकीवरून निष्कर्ष न काढता किमान तीन टाक्यांचा हिशेब करावा.

उदाहरणार्थ, पहिल्या भरणीच्या वेळी काटा ८४,२०० वर आहे. पुढील तीन भरण्या ३८.५, ४१ आणि ३६.५ लिटर, म्हणजे एकूण ११६ लिटर झाल्या. शेवटी काटा ८५,६५० वर आला. अंतर १,४५० किलोमीटर. म्हणून सरासरी लिटरला १२.५ किलोमीटर. पहिल्या भरणीचे ४० लिटरही चुकून मिळवले, तर हीच सरासरी ९.३ दिसते आणि चांगली गाडी खराब ठरते. मूळ मापापेक्षा मोठे किंवा लहान टायर बसवले असल्यास काट्यावरील अंतरही चुकते. ते रस्त्यालगतच्या किलोमीटरच्या दगडांवरून पडताळावे. भरण्यातील फरक आणि डिझेलचे तापमान यांमुळे दोन-तीन टक्क्यांचा चढउतार येतोच. त्यास महत्त्व देऊ नये.

इंधन कोठे जाते

वय हे स्वतः कारण नाही. वयाबरोबर साचलेले छोटे दोष हे कारण होय. तपासणी सोप्या व स्वस्त बाबींपासून सुरू करावी.

१. टायरमधील हवा थंड अवस्थेत तपासावी. हवा कमी असल्यास टायर अधिक दबतो, तापतो आणि गाडी ओढण्यास अधिक इंधन लागते.

२. गाडी चालवून झाल्यावर चारही चाकांची उष्णता ताडून पाहावी. एकच चाक जास्त तापत असल्यास ब्रेक चिकटत असण्याची शक्यता असते.

३. कापणी-मळणीच्या दिवसांत एअर फिल्टर लवकर चोंदतो. भार असताना काळा धूर येणे म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. इंजिन तापल्यानंतरही पांढरा धूर येत राहिल्यास नोझल किंवा पंपाचे टायमिंग तपासावे. निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे लक्षण आहे.

४. उन्हाळ्यात इंजिन तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा हानिकारक आहे. इंजिन आवश्यक तापमानास उशिरा पोहोचते आणि डिझेल व झीज दोन्ही वाढतात.

५. गळती किरकोळ समजू नये. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरल्यास सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ४.३ लिटर.

६. वेग ताशी ६० वरून ८० किलोमीटर केल्यास हवेचा विरोध सुमारे १.८ पट होतो. टपावरील रिकामे कॅरिअर त्यात भर घालते.

एका वेळी एकच दुरुस्ती करून पुन्हा मोजावे. अन्यथा कोणत्या खर्चाचा उपयोग झाला हे कळत नाही.

निर्णयाचा हिशेब

वर्षाला ८,००० किलोमीटर धावणारी गाडी लिटरला १२.५ किलोमीटर देत असल्यास ६४० लिटर डिझेल लागते. नवी गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर १६ देईल असे मानल्यास ५०० लिटर लागेल. बचत १४० लिटर. डिझेल ९५ रुपये लिटर धरल्यास वर्षाला १३,३०० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे १,१०० रुपये. नव्या गाडीचा हप्ता यातून फिटणार नाही. सुरक्षितता, सुट्या भागांची उपलब्धता किंवा खासगी गाडीच्या नोंदणीची १५ वर्षांची मुदत ही गाडी बदलण्याची रास्त कारणे असू शकतात. मात्र ती इंधनबचतीच्या नावाखाली झाकली जाऊ नयेत.

घरात दोन वाहने असल्यास आधी जास्त इंधन पिणारे दुरुस्त करावे. लिटरला १० वरून १२ किलोमीटर झाल्यास दर हजार किलोमीटरला सुमारे १६.७ लिटर वाचतात. १६ वरून १८ झाल्यास केवळ ६.९ लिटर.

ट्रॅक्टरलाही हीच पद्धत लागू पडते. तेथे किलोमीटरऐवजी तास आणि हेक्टर यांची नोंद ठेवावी. विस्तार कार्यकर्त्यांनी गटाच्या बैठकीत प्रत्येक वाहनासाठी तारीख, काटा, लिटर, भार आणि दुरुस्ती अशा पाच रकान्यांची वही सुरू करून द्यावी. तीन महिन्यांच्या नोंदी हाती आल्यावरच गाडी ठेवावी की विकावी, याची चर्चा करणे योग्य ठरेल.